साल नसलेला संदर्भ

...नाही, पण वांगं सोडलं तेव्हा नव्हता हो एवढा त्रास झाला! तुम्हाला सांगते, आमचा आदेश रोह्याच्या कंपनीत कंत्राटावर होता, तो कायम व्हावा म्हणून मी वांगं सोडलं. झाला कायम! वांगं सुटलं ते सुटलंच, आता शेजारून भरल्या वांग्याचा वास आला की खिडकी लावून घेते, पण तक्रार नाही. मग त्याचं लग्न जमेना, तर चहातली साखर सोडली. जमलं! रोह्याचीच मुलगी मिळाली, सुरभी, सोन्यासारखी. मग आमच्या ह्यांचा गुडघा धरला, त्यासाठी मसूर सोडली. गुडघा अर्धाच बरा झाला, म्हणून मीही आमटीचं पाणी घेते, दाणा घेत नाही. देवाशी व्यवहार चोख हवा की नको? पण ह्या वेळी सुरभीच्या पीएचडीसाठी नवस बोलायला देवासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, सोडायला उरलंय काय? ताट बघावं तर भात, वरण आणि लिंबाची फोड! आता लिंबू सोडू? तर तोंडातून निघून गेलं... “देवा गजानना, पोरीचा प्रबंध विद्यापीठात पोचेपर्यंत मी तुझ्या नावाशिवाय तोंडातून अक्षर काढणार नाही!”

झालं! न बोलण्याचा नवस बोलून बसले!

मी! म्हणजे जी बाई भाजी घ्यायला गेली तर भाजीवालीची सून, तिची जाऊ आणि जावेचं बाळंतपण एवढं ऐकून येते, ती मी... मौनात!

आमच्या ह्यांना, हैबतरावांना, सांगितलं कोणी? सुरभीने. तर ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! देवापुढे हात जोडून उभे राहिले. जन्मात कधी घंटा वाजवली नाही ह्या माणसाने, त्या दिवशी वाजवली. सुनेला म्हणाले, “घाई करू नको हां गो पोरी, प्रबंध नीट होऊ दे. सावकाश!” आणि चहा पिताना गुणगुणत होते हो! एवढ्या वर्षांत मला माहीतच नव्हतं ह्यांना गाणी येतात!

बरं, प्रबंध कशावर, तर वालावर. हो, वाल! आपला बिरड्याचा! पेणपासून रोह्यापर्यंत वाल पेरणारी, सोलणारी माणसं कोणकोणते शब्द वापरतात, त्या बोलीवर. ह्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, “बिरड्यावर पीएचडी? मग सोलायला सरकार माणसं देणार काय?” पण पोरीने जीव ओतला हो त्यात. कासूला जा, गागोद्याला जा, म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐक, घरी येऊन लिही. सगळं लिहून झालं. उरलं काय? तर शेवटची संदर्भसूची. म्हणजे कोणकोणाची पुस्तकं वाचली, लेख वाचले, त्यांची नावं, पुस्तकाचं नाव, छापल्याचं साल. आणि ती लावायची आडनावाप्रमाणे, अ पासून ज्ञ पर्यंत. तिचे गाइड सर फोनवर म्हणाले, असे नाकातून बोलतात ते, “मॅडंम, एक नांव जरी मागंपुढं झालं नां, मी सही करणार नाहीं!” आणि मुदत? त्याच दिवशी संध्याकाळी पाच! दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा वाढत नाही. पाचच्या आत वेबसाइटवर चढला तर चढला, नाहीतर नोंदणीच रद्द! इतक्या वर्षांचे वाल पाण्यात!

आणि मी मौनात!

आता एवढी नावं हाताने रांगेत लावायची म्हणजे काय खाऊ आहे? पोरगी रडकुंडीला आली. तेव्हा तिच्या मैत्रिणीने उपाय सांगितला. जिकरा, रोह्याची, ताजुन्निसाबाईंची मुलगी. दोघी शाळेत एका बाकावर होत्या, आता जिकरा घरी बसून कंप्युटरचं काम करते. ती म्हणाली, “सुरभी, कशाला रडतेस? हाताने कोण लावतं गो आता? मी तुला एक प्रोग्राम पाठवते. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप कर, एंटर मार, सगळे लेखक गुपचूप रांगेत उभे राहतात!”

काळी खिडकी म्हणजे काय, ते मी त्या दिवशी सकाळी बघितलं, माझ्या डोळ्यांनी. तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला. आपल्या मोबाइलवर कसं फूल असतं, देव असतो, सुप्रभात असतं... इथे काही नाही! सगळं काळं! आणि त्या काळ्यात एक बारीकशी रेघ लुकलुकतेय, वाऱ्यात ठेवलेल्या वातीसारखी. मी मनात म्हटलं, अगो, शुभ कामाला काळं? आपण सवाष्णीला काळी साडी देत नाही आणि विद्येचं काम काळ्या खिडकीत? वर ना श्री, ना ओम? आपण वाण्याची यादी लिहिली तरी वर श्री घालतो! आणि गणपतीच्या गावात राहतो हो आपण, पेणमध्ये! वर्षभर ज्या गावात गल्लोगल्ली गणपतीचे डोळे रंगवतात, त्या गावात गणपतीला विसरून काम सुरू?

पण सांगणार कशी? मी मौनात!

सुरभी अंघोळीला गेली. लॅपटॉप उघडा. ती नावांची फाइल समोर. आणि मराठी टाइप करायला तिनेच शिकवलंय मला, पाककृती लिहून ठेवायला. मी आपली हळूच खुर्चीवर बसले, पदर डोक्यावर घेतला, आणि एका बोटाने सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत लिहिलं, श्री गजानन प्रसन्न. बस! एवढंच! आता काळ्याची बाधा नाही. नमस्कार केला आणि उठले. मौन मोडलं का? नाही! बोलले का मी? नाही!

सुरभी आली, केस पुसत पुसत बसली, काळ्या खिडकीत ती ओळ टाइप केली, एंटर! आणि पापणी लवायच्या आत... झालं! सगळी नावं रांगेत! आपटे, आमोणकर, इनामदार, पुढे कदम, कर्णिक, सरळ रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. पोरगी खुर्चीवरून उडाली. मला मिठी मारली. म्हणाली, “आई! तुमचा नवस फळला!”

आणि मी बघते तर काय... पहिल्या ओळीत आपटे!

अहो, आपटे कसे पहिल्या ओळीत? पहिल्या ओळीत तर मी गजाननाला बसवलं होतं! वर बघते, नाही. आणखी वर बघते, फाइलच संपली. कुठे गेला गजानन? पुसला गेला? देवाचं नाव पुसलं गेलं म्हणजे अपशकुन नाही तर काय? आणि विचारायचं कोणाला? कसं विचारायचं? मी मौनात!

आणि तसंच झालं हो! सुरभीने दुसरी ओळ टाइप केली, छापायची यादी बनवायची म्हणून. तर काळ्या खिडकीत लाल अक्षरं! लाल! तिने वाचलं आणि चेहरा पांढरा. “बाबा,” ह्यांना म्हणाली, “हे म्हणतंय एका नोंदीत साल नाही. यादी बनणार नाही.”

“मग घाल साल,” हे म्हणाले. पेपरातून डोकं वर न काढता!

“पण कुठल्या नोंदीत ते सांगतच नाही ना!”

“मग विचार त्याला.”

“बाबा, ते माणूस नाही, प्रोग्राम आहे!”

“मग त्या पोरीला विचार, रोह्याच्या.”

जिकराला फोन लावला. जिकरा कुठे? कोलाडला, नात्यातल्या निकाहला! फोन वाजतोय, उचलतच नाही. एकदा उचलला तर मागे ढोल वाजतोय आणि ती ओरडतेय, “काय? साल? कसली साल? ऐकू येत नाय गो! मी करते फोन!” आणि कट!

फोन लावता लावता, शोधता शोधता घड्याळात चार वाजून गेलेले. सुरभी एकेक नोंद वाचतेय, बोट लावून वाचतेय. सगळ्यांना साल आहे! हे साल, ते साल, साल नसलेलं एकही नाही! परत वरून सुरुवात. परत नाही! शेवटी म्हणाली, “बाबा, माझे डोळे फिरले. तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकते. नाव आणि साल.”

आता आमचे हे! ह्यांनी चष्मा लावला आणि सुरू केलं, पूर्वी रेशनच्या दुकानात नावं पुकारायचे तसं. “आपटे, एकोणीसशे बहात्तर! आमोणकर, दोन हजार एक! इनामदार...” मी दारात उभी, हातात जपमाळ, मनात धावा चाललाय. रोह्याच्या धावीर महाराजांना पण सांगितलं, म्हटलं, देवा, ही तुमच्या गावची लेक आहे, लक्ष घाला. हे आपले वाचतायत. ‘म’ झाला. ‘र’ झाला. ‘व’ मध्ये एवढे वैद्य, एवढे वर्तक, संपता संपेनात... मग ‘श’. “शिर्के, एकोणीसशे नव्वद! शेलार, दोन हजार अकरा! शेवाळे, दोन हजार चार!” आणि मग, ऐका हां, ह्यांनी वाचता वाचता एक हात छातीला लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, “श्री गजानन प्रसन्न.” डोळे उघडले, आणि पुढे, “श्रीखंडे, एकोणीसशे ऐंशी!”

अहो!

कोणालाच काही वाटलं नाही! सुरभीने पण मान लववली! कसं वाटणार? आमच्या घरात लाइट बिलाच्या पाकिटावर, दुधाच्या कॅलेंडरवर, फ्रिजच्या दारावर, सगळीकडे तेच लिहिलेलं! डोळ्याला सवय! वाचायचं, नमस्कार करायचा आणि पुढे जायचं!

पण मला कळलं! वीज चमकावी तसं कळलं! पुसला नव्हता गजानन! त्या मेल्या प्रोग्रामने त्याला लेखक समजून रांगेत उभा केला होता! ‘श’च्या रांगेत, शेवाळे आणि श्रीखंडे यांच्या मध्ये! आणि त्याला विचारतोय, साल काय तुझं? कधी छापून आलास? अहो, अनादि अनंत जो, त्याचं साल कुठून आणायचं?

आणि मी... मौनात!

काय करू? म्हटलं लिहून दाखवू. पेन शोधायला धावले. तुम्हाला सांगते, पेणमध्ये राहून घरात एक पेन सापडू नये? खण उघडला, रबर, काडेपेटी, गेल्या दिवाळीचे फटाके, पेन नाही! परत धावत आले, म्हटलं बोटानेच दाखवावं पडद्यावर. हात पुढे केला तर सुरभी किंचाळली, “आई! हात लावू नका! प्लीज! आत्ता काही हललं तर मी मरेन!” पोरीचा आवाजच असा फुटला की माझा हात तिथल्या तिथे गोठला.

मग म्हटलं, निदान अक्षर तरी सांगू. अक्षर म्हणजे शब्द नाही ना? अक्षराने मौन कसं मोडेल? पण ‘अक्षर काढणार नाही’ असंच बोलले होते की मी! मेलं ते तोंड! बरं, तरी जिवावर उदार झाले आणि बोट नाचवत म्हटलं, “श! श! श!”

सुरभीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. “आई... मी तर काहीच बोलत नाहीये. मला का गप्प करताय?”

हे म्हणाले, “अगो ती मला गप्प करतेय. स्वतः बोलत नाय म्हणून दुसऱ्यालापण बोलू देणार नाय!”

मी मान हलवतेय, नाही नाही, “श! श!”, तर हे आणखी हळू आवाजात वाचायला लागले! कुजबुजत! “षड्... षडा... हे काय लिवलंय गो? सप्रे, एकोणीसशे साठ...” ‘श’ सोडून ‘स’कडे निघाले हो! गाडी सुटली आणि आपलं माणूस फलाटावर!

घड्याळ बघितलं, साडेचार कधीच होऊन गेले. आणि मग एकदम सुचलं. देवाच्या नावाशिवाय बोलणार नाही, असा नवस! म्हणजे देवाचं नाव चालतं! आणि सांगायचंय काय? देवाचंच नाव! अहो, केवढी कृपा! मी दोन्ही हात वर केले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, “श्री गजानन प्रसन्न!”

हे ताडकन उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मोरया!”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मी परत, “श्री गजानन प्रसन्न!” हे परत, “मोरया!” सुरभी हुंदका देत म्हणाली, “हो आई, आहे देव पाठीशी... पण आता वेळ नाही उरला. जाऊ दे. नाही होणार पीएचडी. माझीच चूक.” आणि तिने लॅपटॉपचं झाकण खाली घ्यायला हात नेला...

तुम्ही सांगा! तुम्ही काय केलं असतं? एकीकडे देवाला दिलेला शब्द, एकीकडे पोरीचा हात झाकणावर! वांगं नाही खाल्लं इतकी वर्षं, साखर नाही, मसुराचा दाणा नाही, एकही नवस मोडला नाही मी आजवर. पण त्या पोरीने वालाच्या शेंगेसारखी सोलून काढली होती हो स्वतःला त्या प्रबंधासाठी. मी मनात म्हटलं, गजानना, तू रांगेत नीट उभा राहा, मी आले. आणि ओरडले,

“अगो ए पोरी! तो लेखक नाय, तो देव हाय!”

हे खाली बसले. मी आपली बोलतच सुटले, आठवडाभराचं तुंबलेलं, “मी लिवलाय तो! सकाळी! वर लिवलेला, तो खाली गेला! शेवाळ्यांच्या खाली बघ, श्रीखंड्यांच्या वर! त्यालाच साल नाय!”

सुरभीने बघितलं. परत बघितलं. आणि एवढ्या रडण्यात तिला हसू फुटलं, असं फुटलं की थांबेना. “आई! बापरे! गजानन प्रसन्न! प्रकाशक नाही, साल नाही, आणि सरांनी विचारलं असतं, मॅडंम, हे कोंण गृहस्थ?” मग डोळे पुसले, “पुसते आई,” म्हणून बोट त्या कळीवर नेलं.

“थांब!” मी म्हटलं. आता मोडलंच होतं मौन. “देवाला असं पुसतात? विसर्जन करावं लागतं!”

“आई, वेळ!”

“दोन अक्षता लागतात फक्त!” धावले, देवघरातून अक्षता आणल्या, कीबोर्डवर वाहिल्या, “आईऽऽ कळांमध्ये जातील!” ती म्हणतेय, मी म्हणतेय, “पुनरागमनाय च!” तिने कळ दाबली, गजानन गेला, आणि अक्षता झटकता झटकता तिचं बोट कुठल्यातरी भलत्या कळीवर पडलं... आणि गजानन परत आले! तिथेच! शेवाळे आणि श्रीखंडे यांच्या मध्ये!

हे म्हणाले, “तू पुनरागमनाय म्हटलंस, ते आले. त्यांची काय चूक?”

आता मात्र पोरीचा धीर सुटला. पाच वाजत आलेत, आणि तेवढ्यात फोन! जिकरा! मांडवाच्या बाहेर येऊन बोलत होती. सुरभीने एका दमात सगळं सांगितलं, देव, ‘श’, साल, अक्षता. जिकरा हसली नाही हो. शहाणी पोर! म्हणाली, “आंटींना फोन दे. आंटी, पुसू नका, वाईट वाटेल तुम्हाला. ती ओळ उचला, परत सगळ्यांत वर ठेवा, आणि तिच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावा. टक्का लावला ना, की मशीन ती ओळ वाचतच नाय. सोडून देते. ओळ फाइलमध्ये राहते, पण यादीत येत नाय.”

मी विचारलं, “राहते ना पण? पुसत नाय ना?”

“राहते आंटी! मी पण माझ्या प्रोग्रामच्या वर असंच लिहिते, बिस्मिल्ला. टक्का लावून. मशीनला काय त्याचं, ज्याला वाचायचं तो वाचतो.”

सुरभीने टक्का लावला. एंटर. लाल अक्षरं गेली, यादी बनली, आपट्यांपासून ज्ञानमोठ्यांपर्यंत, नीट. गाइड सर ऑनलाइन, सरसर बघितली, सही दिली. प्रबंध चढवायला लावला, ती पट्टी हळूहळू भरतेय, भरतेय... आम्ही तिघं त्या पट्टीला डोळे लावून... आणि पोचला! पाचच्या आत पोचला!

सुरभीने माझे पाय धरले. मी म्हटलं, अगो, माझ्यामुळेच तर झालं हे सगळं! तर म्हणाली, “आई, तुम्ही मौन मोडलंत माझ्यासाठी. ते कोण मोडतं?”

मोडलं खरं. आता प्रायश्चित्त आहेच. प्रबंध पोचण्याआधी बोलले ना, म्हणजे नवस अर्धा. म्हणून दर गुरुवारी अर्धा दिवस मौन धरते. व्यवहार चोख! ह्यांनी विचारलं, “पूर्ण दिवस नाय चालणार?” बघा!

आणि तेवढ्यावर थांबले नाहीत हो! टक्का काय तो ह्यांना फारच आवडलाय. आता मी काही सांगायला तोंड उघडलं की हे हवेत बोटाने काढतात, एक तिरपी रेघ, वर एक शून्य, खाली एक शून्य. म्हणजे काय? म्हणजे, ही ओळ वाचायची नाय, सोडून द्यायची! सुरभी हसते. आदेश शिफ्टवरून आला की तोही काढतो. मीही आता रागावत नाही. काढा म्हटलं. ओळ राहते ना फाइलमध्ये?

पण तुम्हाला हात जोडून सांगते, तुम्ही मात्र असंच करा. पोरीसाठी नवस करा, सुनेसाठी करा, काही लिहायला घेतलंत की वर श्री जरूर लिहा, आणि त्याच्या आधी तेवढा टक्का लावायला विसरू नका... आणि आता मी थांबते, ते बघा, आमच्या ह्यांनी मागून बोट वर केलंच!